नानांगचं गाणं

८ जुलै २००७, रविवार

क्षिप्रा गाते, हे मला आज कळलं. सोळा वर्षांच्या मुलीबद्दल आईला अशी बातमी लागावी हे जरा विचित्रच, पण तसं झालं खरं. सकाळी चादरी वाळत घालायला गेले, तर ही बाई किचनमागच्या बाल्कनीत जमिनीवर बसून, पाय भिंतीला टेकवून, डोळे मिटून गात होती. गळा अगदी मोकळा सोडून.

आवाज चांगला आहे. लग्नाआधी मी पार्ल्याला काही वर्षं गाणं शिकले आहे, त्यामुळे पोटची पोर म्हणून नाही, तशीही ऐकली तरी हेच म्हणेन. सूर पक्का, दम भरपूर. भाषा मात्र कळेना. आधी मलय वाटली, मग वाटलं, नाही.

"काय गं हे?"

दचकली. "नथिंग. गाणं."

"कुठलं?"

"इलोकानो. नानांगचं."

नानांग म्हणजे आमची एर्लिंडा. क्षिप्रा तीन वर्षांची होती तेव्हा ती आमच्याकडे कामाला आली, आणि गेल्या वर्षी जूनमध्ये कायमची गावी गेली. मी आणि निशिकांत दोघेही बँकेत, दोघांचेही प्रवास, त्यामुळे घर तिच्यावरच चालायचं. आम्ही तिला लिंडा म्हणायचो. क्षिप्राने नानांग हे नाव कुठून काढलं कोण जाणे. पोरं पाडतात अशी काहीतरी नावं. लिंडा फिलिपिन्सच्या उत्तरेकडची, नार्वाकान म्हणून गाव आहे तिथली. तिकडची भाषा इलोकानो, हे आज समजलं. इतकी वर्षं मी तागालोगच धरून चालले होते.

लगेच उल्काची आठवण झाली. इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाचा कार्यक्रम ती बसवते आहे आणि गाणारं पोरगं कुणी आहे का म्हणून रोज फोन करते. क्षिप्राला विचारलं, एखादं भावगीत म्हणशील का?

"आय कान्ट ला, आई. माझे ळ आणि ण सगळे राँग येतात. एव्हरीबडी विल लाफ." इथल्या पोरांसारखी वाक्याला 'ला' जोडते.

"मी बसवून घेते ना."

"बघू."

तिचं 'बघू' म्हणजे नाही. तरी मी उल्काला हो सांगून टाकलं.

११ जुलै, बुधवार

जेवताना जेम्माला विचारलं. जेम्मा आमच्या ऑडिटमध्ये आहे, मनिलाची. क्षिप्रा गुणगुणत होती त्यातले ऐकून लक्षात राहिलेले दोन शब्द म्हणून दाखवले. तिने डोकं हलवलं. "हे आम्हाला नाही कळत. उत्तरेकडे जाणाऱ्या बसमध्ये बसलं की ड्रायव्हर ही गाणी लावतो. गिटार, रडणं, मधेच विनोद. सहा तास!" हसत होती. मग म्हणाली, नानांग एवढा एक शब्द माहीत आहे. नानांग म्हणजे आई.

असेल. लिंडानेच शिकवलं असणार, मोठ्या बाईला मान म्हणून. आपण नाही का शेजारणीला मावशी म्हणत. आता मावशी म्हणणं वेगळं आणि आई म्हणणं वेगळं, पण त्यांच्याकडची पद्धत निराळी असेल.

आजचं फिश सूप चांगलं होतं. त्या कोपऱ्यातल्या स्टॉलवरच घेत जायला हवं.

२२ जुलै, रविवार

वाद झाला. मंडळाचा कार्यक्रम २३ सप्टेंबरला ठरला. तारीख सांगितल्याबरोबर क्षिप्राचा चेहरा पडला. त्याच दुपारी म्हणे तिचा दुसरा कार्यक्रम आहे. इथल्या इलोकानो लोकांचं वार्षिक संमेलन, आणि त्यात तिचं गाणं. लिंडाच्या मैत्रिणींबरोबर ती एप्रिलपासून दर रविवारी सराव करते आहे. मला वाटत होतं ती लायब्ररीत जाते.

"खोटं बोललीस?"

"आय सेड क्वीन्सटाउन. लायब्ररी तू म्हणालीस."

हेही खरंच. क्वीन्सटाउन म्हटल्यावर लायब्ररी मीच जोडली असणार.

मी म्हटलं, आपल्या लोकांत गायला लाज वाटते आणि परक्या भाषेत गायला वाटत नाही? त्यावर ती म्हणाली, "परकी कुठे," आणि खोलीत गेली. निशिकांत पेपरामागून म्हणाला, "गाऊ दे की तिला काय गायचं ते." त्याला काय. उल्काला तोंड मला द्यायचं आहे.

२९ जुलै, रविवार

बघून तरी येऊ म्हणून सरावाला गेले. क्षिप्राला आवडलं नाही, पण नको म्हणाली नाही. क्वीन्सटाउनच्या जुन्या ब्लॉकमध्ये एक फ्लॅट आहे. तिथे मारिविक नावाची नर्स आणखी तिघींबरोबर राहते. दाराबाहेर चपलांचा ढीग. आत पंखा, तळलेल्या लसणीचा वास, सोफ्यावर गिटार घेऊन बसलेले तेओफिलो. ते सेम्बावांगला शिपयार्डमध्ये वेल्डिंगचे सुपरवायझर आहेत, पन्नाशीचे, जाड भिंगाचा चष्मा. गाणी ते स्वतःही करतात.

सगळे क्षिप्राला ओळखत होते. मारिविक म्हणाली, "एवढीशी होती. सुटीच्या रविवारी लिंडा हिला बोटॅनिक गार्डनमध्ये घेऊन यायची. आम्ही चटईवर बसून गायचो, ही मधोमध."

मला वाटायचं त्या तळ्यातले हंस बघायला जातात.

तेओफिलोंनी मला मुद्दाम समजावून सांगितलं. गावाकडे लहान लहान स्टुडिओ आहेत, तिथे कुणीही कॅसेट काढतं, आता सीडी. बाजारात भाजीशेजारी विकतात. रेडिओवर गाणं लावताना परदेशी गेलेल्यांची नावं वाचतात: हे गाणं हाँगकाँगच्या अमकीला, हे जेद्दाच्या तमक्याला. "आमच्याकडे प्रेमाच्या गाण्यातसुद्धा कुणीतरी बाहेरगावी गेलेलंच असतं," म्हणाले.

संगीत म्हणून म्हणाल तर साधं आहे. तीन कॉर्ड, चाल लगेच पाठ होते, आणि जरा जास्तच रडवं. काही गाणी चक्क चावट असावीत, कारण क्षिप्राला ती न ऐकू देण्याचा एक खोटा आरडाओरडा झाला आणि ती सगळ्यांत मोठ्याने हसली. ती त्यांच्याशी धडाधड बोलत होती. हात हलवत, डोळे मोठे करत, कुणाच्या तरी खांद्यावर चापट मारत. माझ्याशी बोलताना तिचे हात कधी हलत नाहीत. घरी आल्यावर मी हे निशिकांतला सांगितलं तर म्हणाला, तुझे तरी कुठे हलतात.

तिचं गाणं लिंडाच्या कुणा मामेभावाचं आहे. त्याने हौसेने कॅसेट काढली होती, ती काही चालली नाही. त्यामुळे इतर कुणाला ते ठाऊक नव्हतं, क्षिप्रानेच तेओफिलोंना शिकवलं. 'आगाविदाक्तो, आनाक्को' असं धृपद आहे. मी घरी येईन, माझ्या लेकरा. दोन कडवी. पहिल्यात आई जहाजात बसते. दुसऱ्यात ती म्हणते, रडू नकोस, आंब्याला मोहोर आला की मी आलेच.

"नानांगने तुला कधी शिकवलं?"

"शिकवलं नाही. ती माझ्यासाठी म्हणायची. किचनमध्ये. मी लहान असताना, तिच्या मांडीवर."

गाडीत आणि नंतर दिवसभर मला तीच चाल आठवत राहिली. वैताग.

५ ऑगस्ट, रविवार

मीच लिंडाला फोन केला. ती गेल्यापासून पहिल्यांदाच. क्षिप्रा तिच्याशी बोलते, पण मी कधी केला नव्हता. पलीकडे कोंबड्यांचा आवाज. "मॅम! कुणाला बरं नाही का?" हाच पहिला प्रश्न.

मी सरळ विषयाला हात घातला. म्हटलं, क्षिप्राने आमच्या गणपतीच्या कार्यक्रमात गावं असं मला वाटतं, पण ती तुमच्या संमेलनाचं धरून बसली आहे. तुझं ती ऐकते.

"हो मॅम. मी सांगते. तुमचा देवाचा कार्यक्रम आहे, तो आधी." एवढ्या चटकन मानलं की मलाच पुढे काय बोलावं सुचेना. म्हणून विचारलं, मुलगी कशी आहे? लिंडाची मारिसेल क्षिप्राहून वर्षाने मोठी, आजीपाशी वाढली.

"बरी आहे मॅम. उंच झाली. आजीला नानांग म्हणते."

"आणि तुला?"

"मला काही म्हणत नाही. हाक मारायची वेळ आली की जवळ येऊन उभी राहते." आणि हसली. लिंडा पूर्वीपासूनच अशी कशावरही हसते.

मग गाण्याचा विषय निघाला. क्षिप्रा कुठलं गाणं गाते ते मी सांगितलं. लाईन गेली असं वाटलं.

"ते तिच्या लक्षात आहे? मॅम, ते मी मारिसेलला म्हणायचे. रविवारी, फोनवर. क्षिप्राला कुठे ठेवणार, म्हणून मांडीवर घेऊन बसायचे. ती अगदी गप्प राहून ऐकायची."

क्षिप्राला हे माहीत नसावं. मी काही सांगितलं नाही. सांगून काय करायचं?

८ ऑगस्ट, बुधवार

झालं. सकाळी दूध पिताना क्षिप्रा म्हणाली, "ओके. मी मंडळात गाते." नानांगचा फोन आला होता का, असं मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. एकदाचं ऐकलं. माझं नाही, पण ऐकलं.

उल्का फोनवर आनंदाने ओरडलीच.

१९ ऑगस्ट, रविवार

भावगीत बसत आलं. 'ळ' येतो आता. क्षिप्रा सांगेन तसं करते, एकदाही उलटून बोलत नाही. उल्का ऐकायला आली होती. म्हणाली, काय गोड गळा आहे, इतके दिवस कुठे लपवून ठेवली होतीस हिला? आणि डोळे पुसले. उल्काचे डोळे कशानेही भरतात.

मला मात्र ऐकताना बँकेतली माझी नवीन मुलं आठवली. रिपोर्ट वाचून दाखवतात तेव्हा त्यांचं सगळं बरोबर असतं आणि कुणाचंच लक्ष नसतं. एका ओळीपाशी मी म्हटलं, इथे जरा जीव ओत की. क्षिप्राने मान डोलावली आणि तीच ओळ थोडी मोठ्याने म्हटली.

रविवारचा सराव तिने बंद केला आहे. दुपारभर खोलीत असते. इयरफोन लावून पडलेली.

२५ ऑगस्ट, शनिवार

आज उल्काला फोन करून क्षिप्राचं नाव काढायला सांगितलं. उल्का चिडली, आणि तिचं बरोबरच आहे. "अगं, पत्रिका छापायला गेली! आणि कारण काय सांगू लोकांना?" मी म्हटलं, माझंच नाव सांग, शुभदाची चूक झाली म्हण. शेवटी कादंबरी देशमुखच्या मुलीला घ्यायचं ठरलं. आता उल्का दोन-तीन महिने तरी माझ्याशी नीट बोलणार नाही.

क्षिप्राला सांगितलं. तिने विचारलं, "मी चांगलं नाही गायले?" म्हटलं, चांगलं गायलीस. मग का, ते मला धड सांगता आलं नाही. तू तुझं ते दुसरंच म्हण, एवढं म्हटलं. तिने एकदम मिठी मारली आणि लगेच सोडली. मारिविकला फोन करायला पळाली.

मग आणखी एक केलं. लिंडाला फोन करून सांगितलं की संमेलनाला ये, मारिसेललाही घेऊन ये. पाहुणी म्हणून, तिकिटं आम्ही पाठवतो. लिंडा कितीतरी वेळ नको मॅम, नको मॅम करत राहिली. निशिकांतने विचारलं, हे कशासाठी? म्हटलं, इतकी वर्षं आपल्या घरात राहिली, एकदा नीट बोलवायला नको? तो म्हणाला, बोलव की. पण माझ्याकडे जरा निरखून बघत होता.

मला स्वतःला विचारलं तर कारण सांगता येणार नाही. मारिसेलला बघावं असं वाटतं, एवढं मात्र आहे.

१५ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. मोदक फुटले, पण चव ठीक. क्षिप्राने आरती जोरात म्हटली. 'लवथवती'ला अडखळली आणि स्वतःच हसली. पाहुण्यांच्या खोलीला नवीन पडदे लावले.

२० सप्टेंबर, गुरुवार

दोघी आल्या. विमानतळावर क्षिप्रा धावत जाऊन लिंडाच्या गळ्यात पडली. नानांग, नानांग, आणि पुढे ती भाषा. लिंडा तिला थोपटत होती आणि मागे वळून बघत होती. मारिसेल ट्रॉली धरून उभी. उंच, सावळी, केस घट्ट बांधलेले. मी पुढे होऊन हात धरला तर म्हणाली, "गुड आफ्टरनून, मॅम." मॅम म्हणू नकोस म्हटलं. तिने ट्रॉली पुढे ढकलली.

घरी आल्यावर लिंडा सरळ किचनमध्ये. मी ओढून हॉलमध्ये बसवलं, तर सोफ्याच्या टोकाला टेकली. चहाचे कप झाले की उठून उचलते. तीनदा सांगितलं. शेवटी निशिकांतने कप धुतले आणि त्याला बघून लिंडाला इतकं हसू आलं की तिचा संकोचच मोडला.

मारिसेलला घर दाखवलं. स्विमिंग पूल बाल्कनीतून दिसतो, तो दाखवला. तिला त्यात रस नव्हता. तिने विचारलं, माझी आई कुठे झोपायची? मग किचनमागची खोली दाखवली. आता तिथे इस्त्रीचं टेबल आणि जुन्या बॅगा असतात. मी म्हटलं, पसारा आहे, सॉरी. ती आत जाऊन उभी राहिली. खिडकी वर आहे, छोटी, ती बघितली. भिंतीला हात लावून बघितला. बराच वेळ लागला तिला. खोली फार लहान आहे, त्यात बघण्यासारखं तसं काही नाही. मला ओव्हन बंद करायचा होता म्हणून मी बाहेर आले.

२२ सप्टेंबर, शनिवार

दुपारी मारिसेल आमचे अल्बम बघत होती. क्षिप्राचे वाढदिवस, शाळेतली नाटकं, सेंटोसाची सहल. प्रत्येकात कुठेतरी लिंडा आहेच, केकची सुरी धरून, नाहीतर वॉटरबॅग सांभाळत. मारिसेल एकेक पान उलटत होती, घाई न करता. एका फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "हा ड्रेस माझ्याकडे पण होता. बॉक्समधून आला होता." क्षिप्राला लहान झालेले कपडे लिंडा गावी पाठवायची, ते मला माहीत होतं. चांगले कपडे होते सगळे.

क्षिप्रा तिच्याशी इलोकानोत बोलायला जाते. मारिसेल इंग्लिशमध्ये उत्तर देते.

मला मधूनच वाटतं, गाण्याचं त्या दोघींना सांगायला हवं होतं. पण आता उद्यावर आलंय.

२३ सप्टेंबर, रविवार

आजचं सगळं नीट लिहायला हवं.

क्वीन्सटाउनचा कम्युनिटी हॉल. प्लास्टिकच्या खुर्च्या, कागदी पताका, मागे टेबलांवर नूडल्सची मोठमोठी पातेली आणि करंजीसारखे तळलेले नारिंगी एम्पनाडा. रविवारचे कपडे घातलेल्या बायका, शिपयार्डची माणसं, चार-दोन म्हातारे. आम्ही पहिल्या रांगेत. मधोमध लिंडा, तिच्या शेजारी मारिसेल, मग मी. निशिकांत कॅमेरा घेऊन भिंतीपाशी. आधी विनोदी गाण्यांची स्पर्धा झाली. एका जाड्या गृहस्थाने बायकोचा आवाज काढून गाणं म्हटलं, त्यात शब्द एक कळला नाही तरी मी पोट धरून हसले. लिंडाही हसत होती. मारिसेलसुद्धा, एकदा.

मग क्षिप्रा. पांढरा ब्लाऊज, केस मोकळे. तेओफिलो गिटार घेऊन बाजूला. तिने माईकमध्ये इलोकानोत काहीतरी सांगितलं आणि सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. मागून मारिविक माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "ती म्हणाली, हे गाणं लहानपणी माझी नानांग मला म्हणायची."

लिंडाने मान खाली घातली. मारिसेल समोर बघत होती.

पहिलं कडवं. हॉल शांत झाला. मी बसवलेल्या भावगीतात जे कुठे सापडत नव्हतं ते सगळं इथे होतं. धृपद आलं, 'आगाविदाक्तो, आनाक्को', आणि मारिसेल उठली. खुर्ची जोरात सरकली. ती माझ्या पुढून, पायांना धडकत, बाजूच्या वाटेने दाराकडे चालत गेली. पळाली नाही. चालत गेली.

लिंडाने स्टेजकडे पाहिलं. मग दाराकडे. परत स्टेजकडे. क्षिप्रा तिच्याकडेच बघत गात होती. आणि लिंडा उठली, पिशवी खुर्चीवरच राहिली, आणि मुलीमागे गेली.

क्षिप्राचा आवाज थांबला. अर्ध्या शब्दावर. तेओफिलोंनी वर न बघता तीच सुरावट पुन्हा वाजवली, मग पुन्हा. माझ्या शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या. मी उठून मधल्या खुर्चीत जाऊन बसले, लिंडाची पिशवी मांडीवर घेतली, आणि क्षिप्राकडे बघत राहिले. मला ते शब्दही येत नाहीत की ओठांनी सुचवावेत. नुसती बघत राहिले. तिची नजर फिरत फिरत माझ्यापाशी आली. जरा वेळ तिथेच थांबली. आणि तिने दुसरं कडवं उचललं. शेवटपर्यंत गायली. सूर सोडला नाही.

टाळ्या खूप झाल्या. ती खाली आली ती थेट माझ्याकडे. "नानांग कुठेय?"

आम्ही बाहेर गेलो. ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत दगडी टेबलापाशी मारिसेल उभी राहून ओरडत होती. लिंडा बाकावर बसून ऐकून घेत होती. मला शब्द कळत नव्हते, फक्त एक वाक्य परत परत येत होतं. क्षिप्रा माझ्या शेजारी एकदम ताठ झाली.

"काय म्हणते ती?"

"ते माझं होतं," क्षिप्रा म्हणाली. "ती म्हणतेय, ते माझं होतं." मग अगदी हळू, "आई, आय डिडन्ट नो."

मी म्हटलं, तुझी काय चूक. याहून जास्त बोलायला हवं होतं. नाही बोलले.

ती त्यांच्याकडे जायला निघाली. मी हात धरला. "थांब. बसू दे त्यांना." तिने हात सोडवून घेतला नाही. मारिसेलचा आवाज हळूहळू खाली आला. मग ती त्याच बाकावर बसली, आईकडे पाठ करून. लिंडाने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला. लिंडाने परत ठेवला. या वेळी राहिला.

"आई," क्षिप्रा म्हणाली, "आपण घरी जाऊ या?"

निशिकांत थांबला, त्या दोघींना टॅक्सीने घेऊन येतो म्हणाला. आम्ही दोघी गाडीने आलो. वाटेत कुणी रेडिओ लावला नाही.

२४ सप्टेंबर, सोमवार

मी आज रजा टाकली. क्षिप्रानेही शाळा बुडवली, मी काही म्हटलं नाही. उद्या सकाळी त्या दोघी जाणार.

काल परत आल्यावर मारिसेल जेवली आणि झोपली. आज लवकर उठून टेबलाशी बसली होती. मी कॉफी केली, चौघींना. क्षिप्रा येऊन तिच्या समोर बसली आणि दोघी एकमेकींकडे न बघता ब्रेड खात राहिल्या. मग क्षिप्राने इंग्लिशमध्ये विचारलं, "तुला पुढचं येतं? दुसऱ्या कडव्याच्या पुढचं?"

मारिसेल म्हणाली, "पुढे काही नाही."

"असणार. मला नेहमी वाटायचं ते मधेच तुटतंय."

मारिसेलने विचार केला. "फोन तिथेच बंद व्हायचा," म्हणाली. आणि दोघींनी लिंडाकडे पाहिलं.

"आंटी लिंडा," क्षिप्रा म्हणाली, "आहे का तिसरं कडवं?" आंटी लिंडा! इतक्या वर्षांत तिने तिला या नावाने कधी हाक मारलेली नाही. झोप नीट झाली नसावी. लिंडानेही वळून बघितलं. टेबलावरून हात पुढे करून तिने क्षिप्राच्या गालाला बोटं लावली आणि परत घेतली.

"आहे," लिंडा म्हणाली. "फोनचं कार्ड नेहमी तिथे संपायचं, मॅम." मी तर काही विचारलंच नव्हतं.

ती गायली. बसल्या जागी, हात मांडीवर ठेवून, खालच्या पट्टीत. आवाज जरा चिरका झाला आहे आता. क्षिप्रा एकेक ओळ झाली की मला हळूच मराठीत सांगत होती, न विचारता. तिसऱ्या कडव्यात ती आई घरी येते. आंब्याचा मोहोर कधीच गळून गेलेला. दारात लेकरू उभं आहे, चौकटीएवढं उंच झालेलं. ते विचारतं, कोण हवंय तुम्हाला? आणि आई म्हणते, थोडं पाणी मिळेल का?

एवढंच. तिथेच संपतं. पुढे धृपदही नाही.

खाली पूलवर कुणीतरी पोहत होतं, त्याचा आवाज येत होता. लिंडा टेबलावरचे ब्रेडचे कण बोटाने गोळा करत होती. मारिसेल तिच्याकडे बघत होती. मग तिने समोरचा कप आईपुढे सरकवला आणि इलोकानोत काहीतरी म्हणाली, चार-पाच शब्द, सहज. लिंडा हसायला लागली आणि हसता हसता तिने पदर नाही म्हणून टी-शर्टची बाही डोळ्यांना लावली.

मला काही कळलं नाही. काय म्हणाली, म्हणून मी क्षिप्राकडे बघितलं.

"आई, कॉफी गार होतेय," क्षिप्रा म्हणाली.

मी कप तोंडाला लावला. मला आधी वाटलं, ती मलाच सांगते आहे.